ताईला पाणी कुणी घातलं?

नाही, तुम्हीच सांगा, झाडाला माणसाने पाणी घालायचं नाही तर काय चहा पाजायचा? बिस्किटं बुडवून?... आणि मी घातलं ते काही चोरून नाही घातलं हो, उघड उघड घातलं, सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला, घड्याळ लावून घ्या! आता तुम्ही म्हणाल, हे गृहस्थ एवढे चिडलेत का? तर मी चिडलेलो नाही. मी शांत आहे. डॉक्टरांनी शांत राहायला सांगितलंय, म्हणून शांतपणेच सांगतो, की मी एकतीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात चावीवाला होतो. चावीवाला म्हणजे कुलपांच्या चाव्या करणारा नव्हे! रस्त्यात ती लोखंडी झाकणं असतात ना, तुम्ही ज्यांना ठेचकाळता, त्या झाकणाखाली व्हॉल्व्ह असतो, त्यात छातीएवढी उंच लोखंडी चावी घालायची आणि फिरवायची, चौदा फेरे, की अख्ख्या भागाच्या नळाला पाणी. सकाळी सातला एक भाग, संध्याकाळी सहाला दुसरा. अंगात ताप असो, शहरात संप असो, घरी पाहुणे असोत, सात म्हणजे सात! माझ्या पाण्यावर लोक घड्याळं लावायचे. एकतीस वर्षं, आणि पाण्याची एक तक्रार नाही. वाटल्यास खात्यात जाऊन विचारा.

तर असा मी माणूस, आणि माझ्या ताब्यात ताईला देऊन आमची ही गेली लेकीकडे बाळंतपणाला, सत्तर दिवसांसाठी.

ताई म्हणजे झाड. थांबा, सांगतो, सगळं सांगतो, घाई कुणाला आहे?

ताई म्हणजे हिची थोरली बहीण. आई लवकर गेली, त्यामुळे हिच्या वेण्या घालण्यापासून ते हिला माझ्या गळ्यात बांधण्यापर्यंत सगळं ताईंनीच केलं. बारा वर्षांपूर्वी ताई आजारी पडल्या, ते शेवटचंच आजारपण. तेव्हा त्यांनी आपल्या खिडकीतल्या जेडच्या झाडाची एक फांदी मोडली, कागदात गुंडाळली, हिच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "लाव गं घरी. हे काही केल्या मरत नाही." काही केल्या मरत नाही, म्हणे! ताईंनी माझी सेवा कुठे पाहिली होती!

मग ताई गेल्या, आणि ही त्या झाडालाच ताई म्हणायला लागली. स्वयंपाकघराच्या खिडकीत, सिंकच्या वर. जेड तुम्ही पाहिलंय ना? जाडजूड खोड, गुबगुबीत पानं, तेल लावून बसवलेल्या बाळासारखी. भांडी घासता घासता ही तिला सगळ्या बातम्या देते. लेकीचं लग्न ठरलं, आधी ताईला सांगितलं. मी रिटायर झालो, आधी ताईला सांगितलं, तेही कसं? "ताई, आता हे दिवसभर घरीच गं," अशा आवाजात, की जणू वरून कोसळलंय काहीतरी. आणि मी आत बसून ऐकतो ना! "ताई, ह्यांनी आज पुन्हा ओला टॉवेल पलंगावर टाकला." झाड काही बोलत नाही, मान्य आहे, पण तुम्हाला सांगतो, ते माझ्याकडे बघतं.

बरं, जाताना हिने मला कागदावर सूचना लिहून दिल्या. गॅस बंद करा. दूध वर येईपर्यंत तिथून हलू नका. मोबाइल चार्ज करा. अठरा सूचना! आणि ताईबद्दल? एक अक्षर नाही. नुसतं दारातून वळून म्हणाली, "आणि ताईकडे लक्ष ठेवा हं." आता लक्ष ठेवा म्हणजे काय? तुम्ही सांगा. शाळामास्तरांना म्हटलं लक्ष ठेवा, तर ते छडी उचलतील. पोलिसाला म्हटलं लक्ष ठेवा, तर तो शिट्टी काढेल. मी चावीवाला! मी झारी भरली.

सकाळी सात, संध्याकाळी सहा. भरपूर. खालच्या बशीतून पाणी ओट्यावर यावं इतकं. चौथ्या दिवशी एक पान गळलं. मी म्हटलं, अरे रे, तहानलीय बिचारी, ही हात आखडता घेत असणार इतकी वर्षं. टंचाईच्या भागाला आम्ही काय करायचो? जादा पाळी द्यायचो. दुपारी बाराची तिसरी पाळी सुरू केली! तर दुसऱ्या दिवशी चार पानं, मग सात, मग मोजणं सोडलं. अठराव्या दिवशी मी प्रेमाने खोडाला बोट लावलं, तर बोट आत गेलं. आत! जास्त पिकलेल्या केळ्यात जातं तसं. आणि वास आला. मी तिथेच, सिंकला धरून, उभा राहिलो.

तुम्ही हसताय. हसा. पण ताईंची एवढी एकच गोष्ट आमच्या घरात. दागिना नाही, कपडा नाही, हिच्याकडे धड एक फोटोही नाही त्यांचा. हे झाड. आणि मी त्याला पाणी पाजून पाजून आडवं केलं.

झाड घेतलं, पिशवीत घातलं, आणि रोपवाटिकेत गेलो. तिथे एक बाई बसतात, कमी बोलणाऱ्या. इतक्या कमी, की रोपांना पाणी आणि गिऱ्हाइकांना शब्द, दोन्ही मोजूनमापून. त्यांनी झाड बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"पाणी घातलंत."

"बाई, वेळेवर घातलं!"

"किती वेळा?"

"तीन वेळा."

"महिन्यातून?"

मी रिकाम्या पिशवीची घडी घालायला लागलो. मग त्यांनी एक पान तोडलं, माझ्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाल्या, "काका, दाबून बघा. ह्या पानातच पाणी साठवलेलं असतं. प्रत्येक पान म्हणजे घरावरची एक टाकी. टाक्या भरलेल्या असताना तुम्ही वरून सोडत राहिलात, तर काय होईल?"

काय होईल! मला विचारताय काय होईल? मला तर डोळ्यांसमोर अख्खी पाइपलाइन दिसली! टाक्या वाहणार, तळघरं भरणार, पाया खचणार... आणि तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षांत मला कुणी माझ्याच भाषेत एवढं सुनावलं नव्हतं.

बाई म्हणाल्या, शेंडे अजून टणक आहेत. स्वच्छ पातं घ्या, कापा, आत तपकिरी दिसलं तर आणखी वर कापा, हिरवं लागेपर्यंत. मग सावलीत नुसते कागदावर ठेवा. आठ दिवस. कापलेल्या जागेवर खपली धरू दे. खपली धरली की कोरड्या मातीत खोचा.

"आणि मी काय करायचं?"

"काही नाही."

"नाही, ते समजलं, पण ह्या आठ दिवसांत मी नक्की काय करायचं?"

"काही नाही म्हणजे काही नाही, काका."

हे सोपं वाटतं तुम्हाला? ज्याला आयुष्यभर बसून राहायची सवय आहे, त्याला सोपं. मी घरी आलो, आठ शेंडे कापले, कागदावर ठेवले आणि समोर खुर्ची घेऊन बसलो. पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी एका पानावर बारीक सुरकुती! आता तुमच्यासमोर कुणी सुकत चाललंय आणि तुमच्या हातात भरलेली झारी आहे, तर तुम्ही काय कराल? मी म्हटलं, बाईंना काय कळतंय, आठ दिवस कशाला, दोन पुरे! शेंडे उचलले, जुन्या कुंडीत खोचले आणि माती नुसती... नुसती ओलसर केली. सकाळी सातला. आणि संध्याकाळी सहाला.

त्यात चार वाजता हिचा फोन, व्हिडिओवाला. नातीचं तोंड दाखवलं, लेकीचं दाखवलं, आणि मग लगेच, "अहो, ताईला दाखवा ना." मी आधी नेटवर्क नाही म्हटलं, मग मोबाइलची काच खराब आहे म्हटलं. शेवटी मोबाइल लांब धरला, उजेडाच्या विरुद्ध, काळं काळं दिसेल असा. आठ शेंडे कुंडीत उभे, लांबून झाडासारखंच दिसतंय. आणि नेमका त्याच क्षणी मधला शेंडा हळूच, अगदी सावकाश, एका बाजूला कलायला लागला.

"अहो, ताई वाकली का?"

मी म्हटलं, "तुला नमस्कार करतेय."

"माझ्यापेक्षा मोठी आहे ती!"

"मग नातीला आशीर्वाद देतेय!"

देवाला काळजी, लेकीची पोर तेवढ्यात रडली आणि फोन बंद झाला. पण आठवड्यात आठही शेंडे बुडाशी काळे. मी पुन्हा रोपवाटिकेत. बाईंनी मान वर करायच्या आधीच, "पाणी घातलंत."

"थोडंसं."

बाईंनी हातातलं खुरपं खाली ठेवलं. "काका, घरी आणखी कुणी आहे?"

"नाही."

"मग जे काही शिल्लक आहे ते घरात ठेवूच नका."

ऐकलंत? एकतीस वर्षं पाण्याची एक तक्रार नाही, आणि मला सांगतात, तुमच्या घरात झाड ठेवू नका!

शिल्लक काय होतं म्हणाल, तर उपटून बाजूला ठेवलेल्या झाडाच्या मागच्या अंगाची एक फांदी, तिचे तीन शेंडे, आणि खाली गळलेल्या पानांतली एकोणीस टणक पानं. पानालासुद्धा मुळं फुटतात, बाई म्हणाल्या, नुसतं पडू दिलं तर. बस्स. ताई म्हणजे आता तीन शेंडे आणि एकोणीस पानं. दिवस उरले त्रेचाळीस.

आमच्या समोर टेलरमास्तर राहतात, पुढच्या खोलीत दुकान, मागे घर. मी ते सगळं एका ताटात मांडून त्यांच्याकडे घेऊन गेलो. म्हणाले, "काका, मी कपडे शिवतो, झाडं नाही."

"शिवायचं नाहीये हो! फक्त ठेवायचंय. आणि मी मागितलं तरी मला द्यायचं नाही. रडलो तरी नाही."

भला माणूस, त्यांनी ताट कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलं, उरलेल्या तुकड्यांच्या गठ्ठ्याशेजारी, इस्त्रीच्या उबेत. आणि माझ्या वनवासाला सुरुवात झाली. सकाळी सात वाजले की हात शिवशिवायचे. मी झारी भरायचो आणि सिंकमध्ये ओतायचो. भरायचो, ओतायचो. शेवटी झारी माळ्यावर टाकली, तर मुठी वळायला लागल्या. मग उठून समोर जायचो, मास्तरांच्या फळीकडे मान वर करून बघायचो, बसायचो, घरी यायचो, पुन्हा जायचो. मास्तर म्हणाले, "काका, नवरदेवसुद्धा सुटासाठी एवढ्या खेपा घालत नाही हो."

मग एके दिवशी दुपारी ते काज करत बसले होते, मशीन बंद, गिऱ्हाईक नाही, आणि मी आपलं सहज म्हणून गेलो, "मास्तर, आमची ही आल्यावर ओरडली तर बरं होईल. पण ती ओरडणार नाही. ती गप्प बसेल."

मास्तरांनी सुई थांबवली नाही. म्हणून मी पुढचंही बोललो. समोरचा माणूस बघत नसला की बोलता येतं. ताई गेल्या ना, त्या सकाळी हिचा निरोप आला होता, लगेच या म्हणून. सातला पाच कमी होते. मी व्हॉल्व्हवर. मी काय केलं? चौदा फेरे पूर्ण केले. मग दुसऱ्या गल्लीचा व्हॉल्व्ह, त्याचे चौदा. अख्ख्या भागाला पाणी मिळालं, आणि मी पोचलो तेव्हा ही हॉस्पिटलच्या बाकावर एकटी बसली होती, ताईंचा चष्मा हातात घेऊन. काही बोलली नाही. त्या दिवशी नाही, नंतर नाही, बारा वर्षांत नाही. झाडाला बोलली असेल तर माहीत नाही.

मास्तर म्हणाले, "हं." एवढंच. टेलर माणसाचं माप घेतात, सल्ला देत नाहीत.

आणि तुम्हाला सांगतो, त्यानंतर दहा-बारा दिवसांनी मास्तरांनी त्यांच्या दारातूनच हाक मारली, "काका! अहो, तुमच्या पानाला दोरा फुटलाय!" मी चप्पल न घालता गेलो. पानाच्या टोकाशी केसाएवढा गुलाबी धागा. मग दुसऱ्या पानाला. तिसऱ्याला. कुणीही काहीही केलेलं नाही, पाण्याचा थेंब नाही, मातीचा कण नाही, आणि तो धागा बाहेर येऊन इकडेतिकडे वळवळत पाणी शोधतोय... आणि चावीवाला समोर हात बांधून उभा! सूड म्हणतात तो हाच.

शेवटी अकरा जगले. तीन शेंडे, आठ पानं. रोपवाटिकेच्या बाईंनी अकरा छोटे कप दिले, बुडाला भोक पाडलेले. मी म्हटलं, बाई, आयुष्य गेलं माझं गळत्या बुजवण्यात, आणि तुम्ही मला नवं भांडं भोक पाडून देताय? त्या पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, "तुमच्यासाठी दोन-दोन पाडलीत."

आता येतो तो दिवस. ही आली. बॅग दारात ठेवली, चपला काढल्या, आणि माझ्याकडे न बघता सरळ स्वयंपाकघरात. मी मागे. खिडकीत जुनी कुंडी रिकामी, आणि तिच्या पुढे ओळीने अकरा कप, एकेकात नखाएवढी चिमुकली पानं. मी काय काय पाठ करून ठेवलं होतं! कीड लागली, वारा आला, साथ आली झाडांची... सगळं विसरलो. म्हटलं, "मी मारलं. पाणी घालून. हे एवढं वाचलं."

ही गप्प. मी म्हटलं, झालं, आता बारा वर्षं. हिने एक कप उचलला, नाकाशी धरून बघितला, खाली ठेवला. मग हळूच म्हणाली, "किती वेळा घालत होतात?"

"आधी दोन. मग तीन."

"मी पाच वेळा घालायचे."

मला वाटलं, मला ऐकू कमी येतंय. म्हणाली, "ताईने दिलेलं पहिलं झाड महिन्यातच गेलं होतं. ती गेल्यावर मी नुसती कुंडीपाशी बसायचे आणि पाणी घालायचे, दुसरं काय करावं कळतच नव्हतं. सगळं सडलं. एक पान राहिलं होतं, ते सिंकमागे पडून, माझ्या लक्षातही नव्हतं. त्याचं झालं हे झाड. तुम्ही विचारलंत झाड लहान कसं झालं, तर मी म्हटलं, मांजराने पाडलं."

आठवलं मला! म्हणाली होती, मांजराने पाडलं. आणि मी हो म्हटलं होतं. तिसऱ्या मजल्यावर, आमच्याकडे मांजर नाही, शेजारी मांजर नाही, अख्ख्या इमारतीत मांजर नाही, आणि बारा वर्षं मी मांजरावर विश्वास ठेवून बसलो!

मी म्हटलं, "अगं, पण मला का नाही सांगितलंस?"

तर ही वळली, सरळ माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "कधी सांगणार? सातला तुम्ही व्हॉल्व्हवर. त्या दिवशीसुद्धा. तुम्ही यायला हवं होतंत."

आली. एकतीस वर्षांत न आलेली, रिटायर झाल्यावर आली, पण आली. पाण्याची तक्रार. आणि तुम्हाला सांगतो, अगदी रास्त होती. मी म्हटलं, "हो. यायला हवं होतं." दुसरं काही सुचलं नाही. मग आम्ही दोघं त्या सिंकपाशी उभं राहून रडलो, नळ तेवढा टपटपत होता, तोसुद्धा मी बंद केला नाही.

आता सगळं ठीक आहे. एक कप लेकीकडे गेला, एक टेलरमास्तरांच्या फळीवर आहे, नऊ खिडकीत. ही त्यांच्याशी बोलते, आणि आता मधूनमधून मला म्हणते, "तुम्हीही ऐका, तुमच्याबद्दलच चाललंय." झारी हिने कुलपात घातली, किल्ली हिच्या पर्समध्ये. मी म्हटलं, अगं, मी अख्ख्या भागाला पाणी दिलंय, मला काहीतरी तर सोपव! तर हिने विचार केला, ड्रॉवर उघडला आणि माझ्या हातात एक चमचा दिला. चमचा! चहाचा! म्हणाली, "एकवीस दिवसांनी. एकेकीला एक. वर नाही."

एकतीस वर्षं छातीएवढी चावी फिरवलेला हात, आणि त्यात चहाचा चमचा... जाऊ द्या. बोलायची सोय नाही. पण एकविसाव्या दिवशी, सकाळी सात वाजता, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही, ही शेजारी उभी असते लक्ष ठेवायला, आणि मी एकेका कपात एक-एक चमचा सोडतो. नऊ चमचे. अजून तरी तक्रार नाही.